शोधणाऱ्याला उत्तर माहीत नसतं

अनेक आशीर्वाद.

तुझी शीट मिळाली. गटातल्या शेतकऱ्यांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं एका जागी का आणायची, हे तुला सांगत बसत नाही. ते तुला माझ्याइतकंच कळतं. तुझं अडलंय ते टॅगवर, म्हणजे प्रश्न पुढे शोधता यावा म्हणून त्याला लावायच्या शब्दांवर. यावल तालुक्यातल्या एका प्रश्नापाशी तू थांबलास आणि शेजारी लिहून ठेवलंस, "कोणते टॅग लावू कळेना, म्हणून सगळेच लावले." प्रश्न असा: "केळीच्या नव्या पानावर पिवळे पट्टे दिसतात, काय करू?" तुझे टॅग असे: शेती, केळी, जळगाव, हरण्या, रोग, तातडीचे, मदत हवी.

सात टॅग झाले, आणि त्यांत 'पट्टे' नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला शब्द तेवढा गळला.

हे बघ भाऊ, टॅग लावताना एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेव: शोधणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. उद्या चोपड्याचा एखादा शेतकरी हीच अडचण घेऊन येईल. त्याच्या बागेत त्याला पट्टे दिसतायत. हा हरण्या नावाचा रोग आहे हे त्याला ठाऊक असतं, तर त्याने तुझी शीट उघडलीच नसती. तू 'हरण्या' लिहून ठेवलंस, तो 'पट्टे' शोधणार. दोघांची गाठ पडणार कशी?

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. तो हरण्याच आहे, हे तुला कोणी सांगितलं? हरण्या, म्हणजे मावा किडीमुळे पसरणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, त्यात पानावर पिवळे तुटक पट्टे येतात हे खरं. पण जस्ताची कमतरता असली तरी नवी पानं अरुंद निघतात आणि शिरांच्या मधे पांढरट-पिवळे पट्टे उमटतात. हरण्यात झाड कंदासकट उपटून नष्ट करावं लागतं. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेटची फवारणी देऊन भागतं. नुसत्या प्रश्नावर निदानाचा टॅग ठोकलास, तर पुढचा माणूस त्या टॅगवर विश्वास ठेवून धडधाकट झाडं उपटेल. टॅग म्हणजे शेरा नव्हे. निदान करणं हे उत्तर देणाऱ्याचं काम आहे, टॅग लावणाऱ्याने त्यात हात घालू नये. यावर मी हटणार नाही.

म्हणून निदानाला वेगळा कॉलम दे आणि तो उत्तर येईपर्यंत रिकामा राहू दे. जाणकाराने पान पाहून, फोटो पाहून हरण्या ठरवला की त्या कॉलममध्ये 'हरण्या' लिही. पण तेव्हा 'पट्टे' पुसू नकोस. इथे बरेच जण चुकतात. उत्तर सापडलं की लक्षण अडगळीचं वाटतं आणि ते काढून टाकतात. उत्तर सापडलेला प्रश्नच तर पुढच्याला हवा असतो, आणि तो लक्षणाच्याच वाटेने येणार आहे.

आता बाकीचे टॅग. 'शेती' काढ. शीटमधल्या प्रत्येक ओळीला जो लागू पडतो, तो एकीलाही वेगळं करत नाही. 'तातडीचे' आणि 'मदत हवी' काढ. हे शब्द प्रश्न कशाबद्दल आहे ते सांगत नाहीत, विचारणाऱ्याची घाई सांगतात, आणि ती घाई आठवड्यात संपते. सहा महिन्यांनी कोणी 'तातडीचे' शोधेल का? उत्तर आलं की नाही याची खूण हवी असेल तर 'स्थिती' असा कॉलम कर आणि त्यात 'बाकी' किंवा 'झाले' लिही. 'रोग' काढ, कारण तेही निदानच आहे. पट्टे रोगाचे की अन्नद्रव्याचे, हाच तर प्रश्न आहे.

मग ठेवायचं काय? पीक, भाग, लक्षण आणि हंगाम. या ओळीला केळी, पान, पट्टे, आणि शेतकऱ्याने जून-जुलैची लागवड सांगितली तर मृगबाग. चार शब्द पुरले.

ही चौकट मी हवेतून काढलेली नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली पुस्तकं लावण्याची कोलन वर्गीकरण ही पद्धत मांडली. विषयाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट. त्यांनी पाच पैलू धरले: मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. ग्रंथालयासाठी केलेला विचार शेतीच्या प्रश्नांनाही उपयोगी पडतो. पैलू ठरलेला असला की टॅग सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. पीक कोणतं, भाग कोणता, दिसतं काय, हंगाम कोणता, एवढं विचारायचं आणि लिहायचं. एखाद्या प्रश्नात 'भाग' लागूच नसेल तर तो कॉलम रिकामा ठेव. रिकामा कॉलम चालतो, ओढूनताणून भरलेला चालत नाही.

हंगामाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या शीटमध्ये तो जवळजवळ कुठेच नाही. खानदेशात केळीला नुसता महिना लिहून भागत नाही. डिसेंबरात दोघे जण विचारतात, "केळीची वाढ थांबली." एकाची मृगबाग आहे, जून-जुलैची लागवड, झाडं मोठी झालीत, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, जवळ आली आहे. दुसऱ्याचा कांदेबाग आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. झाडं लहान आहेत. पारा १० अंशांच्या खाली गेला की दोन्हीकडे वाढ खुंटते. पण मृगबागेत पुढची काळजी घड अडकण्याची असते, तर कांदेबागेत लहान झाडं तगवण्याची. प्रश्न शब्दाला शब्द सारखा, उत्तर वेगळं. पिलबाग, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेलं पीक, असेल तर तिसरंच काही. प्रश्नात हंगाम सांगितला नसेल, तर टॅग लावण्याआधी शेतकऱ्याला विचारून घे. तारखेवरून ताडू नकोस.

जागेचं उलट आहे. 'जळगाव' तू जवळपास प्रत्येक ओळीला लावलंस. गाव-तालुका लिहायचा तर माहितीच्या कॉलममध्ये लिही. टॅगमध्ये जागा तेव्हाच येते, जेव्हा जागेमुळे उत्तर बदलतं. हतनूरच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, या प्रश्नाला जागेचा टॅग हवाच. केळीवरच्या पट्ट्यांना रावेरात एक कारण आणि चोपड्यात दुसरं, असं होत नाही. नवापूरकडचा जास्त पावसाचा पट्टा आणि तापीकाठची खोल काळी जमीन यांत फरक पडतो, पण तिथेही 'नवापूर'पेक्षा 'पाणी साचणे' हा टॅग जास्त जणांना सापडेल.

आता सगळ्यात दाट गुंता. तुझ्याकडे नुसत्या 'करपा' टॅगच्या कितीतरी ओळी आहेत. करपा कशावरचा? केळीवरचा करपा म्हणजे सिगाटोका, कांद्यावरचा जांभळा करपा वेगळ्या बुरशीचा, भातावरचा आणखी वेगळ्या, बटाट्याचा आणखी निराळा. कारणं वेगळी, औषधं वेगळी. 'मर' हा शब्दही तसाच. हरभऱ्यातली मर जमिनीतल्या बुरशीने येते. कपाशीतली आकस्मिक मर म्हणजे लांबलेल्या उघडिपीनंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की झाडं माना टाकतात; तिथे बुरशी नसतेच. कोणी 'मर' एवढंच शोधून हरभऱ्याचं उत्तर कपाशीला वापरलं, तर बुरशीनाशकाचे पैसे जातील आणि झाडंही. म्हणून असा शब्द एकटा कधीच ठेवायचा नाही, पिकाचा कॉलम भरल्याशिवाय ओळ पुरी झाली असं समजायचं नाही.

तू म्हणशील, करपा, मर, लाल्या ही तर रोगांची नावं, मग निदान नको म्हणता ते इथे कसं बसवायचं? शेतकरी कपाशीवर 'लाल्या' म्हणतो तेव्हा त्याला पानं लाल झालेली दिसतात, एवढंच धर. ती मॅग्नेशियम कमी पडल्याने झाली, तुडतुड्यांनी, पाणी साचून की रात्रीच्या थंडीने, हे अजून ठरायचं असतं. तेव्हा 'लाल्या' लक्षणाच्या कॉलममध्ये, कारण निदानाच्या. कपाशीतल्या डोमकळीचंही तसंच: मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल त्याला दिसतं, ते लक्षण. गुलाबी बोंडअळी नंतर. जाणकाराला हे नातं पाठ असेल, पण शोधणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. मला हट्टी म्हणणारे आहेत, 'डोमकळी म्हणजे बोंडअळीच, दोनदा कशाला लिहायचं' असंही म्हणतात. दोनदा लिहायला काही क्षण लागतात. ज्याला फक्त फूल ओळखता येतं, त्याला ती ओळ सापडली नाही तर त्याचा हंगाम जातो. मी दोनदा लिहा असंच म्हणत राहणार.

नावांचा मेळ घाल. कापूस, कपाशी, पऱ्हाटी असे तीन टॅग तू वेगवेगळे ठेवलेस. एक पक्कं ठरव, 'कपाशी' ठेव, आणि बाकीचे त्याचे पर्याय म्हणून वेगळ्या यादीत लिही, म्हणजे कोणी 'कापूस' शोधला तरी कपाशीवर पोचेल. पण आंधळेपणाने एकत्र करू नकोस. जानेवारीत "पऱ्हाटीचं काय करू" असं कोणी विचारतो तेव्हा तो उभ्या पिकाबद्दल बोलत नाही. वेचणी संपल्यावर उरलेल्या काड्यांबद्दल बोलतो. त्याला 'कपाशी' आणि 'पीक-अवशेष' हे टॅग हवेत. तेव्हा पर्याय जोडण्याआधी त्या टॅगच्या सगळ्या ओळी वाचून काढ.

प्रश्नाचा मजकूर मात्र बदलायचा नाही. शेतकरी अहिराणीत लिहील, लेवा बोलीत लिहील, 'फळ'चं 'फय' करील. ते तसंच राहू दे. प्रमाण शब्द टॅगमध्ये, त्याचे शब्द प्रश्नात. शोध दोन्हीतून लागतो.

अक्षरांचा एक घोळ तुला डोळ्याने दिसणार नाही. 'पऱ्हाटी'तला ऱ्ह काही कीबोर्ड 'ऱ' हे अक्षर वापरून लिहितात, काही साधा 'र' घेऊन त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'केळी' आणि शेवटी मोकळी जागा सुटलेला 'केळी ' हेही दोन. 'बोंडअळी' आणि 'बोंड अळी' हेही. उपाय सोपा आहे: टॅग हाताने टाइप करूच नकोस. शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन लावून प्रत्येक कॉलमला निवडीची (ड्रॉपडाउन) यादी दे आणि त्यातूनच निवड. जुन्या ओळींना आधी ट्रिम (जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारं सूत्र) लाव, मग प्रत्येक कॉलममधले वेगवेगळे शब्द एका यादीत काढून क्रमाने लाव. जुळी नावं शेजारी-शेजारी येतील. न दिसणाऱ्या चिन्हांची जुळी ट्रिमने जात नाहीत. ती शोधून-बदलून काढावी लागतात.

यादीत नवा टॅग सहज घालू देऊ नकोस. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एका प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग लावता येतात, आणि नवा टॅग तयार करायला १५०० गुण कमवावे लागतात. तुला गुण नकोत, पण एक अट हवी: नव्या टॅगसोबत एक ओळ लिहायची, तो कशाला लावायचा आणि कशाला नाही. 'पट्टे: पानाच्या शिरांना धरून गेलेल्या लांब रेषा. सुट्या डागांना लावू नये.' 'ठिपके: गोल किंवा लांबट सुटे डाग.' ही ओळ लिहिताना अडलास तर तो टॅग अजून पिकलेला नाही. सिगाटोका सुरुवातीला बारीक पिवळट रेघांसारखा दिसतो आणि मग त्यांचे तपकिरी डाग होतात. तिथे दोन्ही टॅग लाव, वाद घालत बसू नकोस.

एखाद्या ओळीला पाचांहून जास्त टॅग लागतायत असं वाटलं, तर बहुतेक वेळा तिथे दोन प्रश्न असतात. "पानावर पट्टे आहेत आणि ठिबकच्या अनुदानाचा अर्ज कुठे करायचा?" याच्या दोन ओळी कर. नाहीतर अनुदान शोधणाऱ्याला पट्टे वाचावे लागतील आणि कृषी खात्याने दिलेलं उत्तर पट्ट्यांच्या ढिगात पडून राहील.

झालेलं काम तपासायचं तर जाणकाराला दाखवू नकोस. तो वाट्टेल त्या टॅगवरून पोचतो, कारण त्याला शेवट ठाऊक असतो. गटातल्या अशा माणसाला बसव ज्याने केळी लावलीच नाही. त्याच्या हातात रोगट पानाचा फोटो दे आणि नुसत्या फिल्टरवर ओळ शोधायला सांग. तो कुठला शब्द निवडतो ते लिहून घे. यादीत तो नसेल, तर पर्यायांत घाल.

सुरुवात 'करपा' एवढाच टॅग असलेल्या ओळींपासून कर. प्रत्येकीत पीक आहे का बघ. काही प्रश्नांत पिकाचं नावच नसेल, "करप्याला काय मारू" एवढंच असेल. तिथे शेतकऱ्याचं गाव रावेरकडचं आहे म्हणून 'केळी' लिहून मोकळा होऊ नकोस. नंबर शीटमध्ये आहे. फोन कर आणि विचार.