थांबा, रॅम्प आणि गावाची गाडी : वाचकांचे प्रश्न

शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एसटी मिळाली की झालं, असा समज सगळीकडे आहे; पण म्हाताऱ्या माणसाला आणि व्हीलचेअरवरच्याला थांब्यावर आणि गाडीत चढताही यायला हवं. म्हणून ही उत्तरं.

आईचं वय 78. एसटीच्या मोफत प्रवासासाठी दिव्यांग दाखला लागतो का? (सरळगाव)

नाही. 75 पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो.

गावात बस यावी म्हणून आगारात अर्ज दिला, उत्तर नाही. आमदारांचं पत्र जोडलं की काम होतं म्हणतात. (डोळखांब परिसर)

पत्रानं रस्ता रुंद होत नाही. गाडी वळते का आणि भरते का, हे आगार पाहतं. शेवटच्या थांब्यावर साधारण 24 मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. नसेल तर मागेपुढे करून वळवता येईल असा फाटा दाखवा. लोंबत्या तारा, फांद्या आधी काढून घ्या. आठवडाभर वाड्यावाड्यांत नोंद करा: आसनगावच्या लोकलला किती जण, शाळेला किती, परत कधी. शेजारच्या गावांशी वेळा जुळवा, मग सगळ्यांचे ठराव एकत्र द्या. देण्याआधी आगार व्यवस्थापकांशी बसून बोला.

बसथांब्याचा चौथरा 45 सेंमी उंच आहे. ठेकेदार म्हणतो, दोन मीटरचा रॅम्प पुरे. (धसई)

बिल काढायला पुरेल, व्हीलचेअरला नाही. 1:12 उतार (1 सेंमी उंचीला 12 सेंमी लांबी) म्हणजे 45 सेंमीला 5.4 मीटर लांबी, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. दोन मीटरच्या चढावर खुर्ची मागे उलटते, उतरताना धरणाऱ्याच्या हातून सुटते. रुंदी किमान 1.2 मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून उंचवटा. चकचकीत लादी अजिबात नको, आपल्याकडच्या पावसात तिच्यावर शेवाळ धरतंच. ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू ओढून खरखरीत ठेवा. पायथ्याशी गटार असेल तर पाईप टाकून वरून पक्कं करा. जाळीच टाकायची तर फटी चाकाच्या दिशेला आडव्या, नाहीतर पुढचं लहान चाक अडकतं. आणि साइडपट्टी! डांबर आणि चौथऱ्यामधली माती पहिल्या पावसात वाहून जाते, चालक गाडी लांब उभी करतो, सगळा खर्च वाया. तिथंही काँक्रीटच हवं. एवढं करूनही साध्या एसटीचा अरुंद दरवाजा आणि उंच पायऱ्या राहतातच. रॅम्पच्या गाडीची मागणी वेगळी करा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, हे विचारून त्याच खात्याच्या शाखा अभियंत्याकडून आखणी आत्ताच तपासून घ्या. ओतलेलं काँक्रीट नंतर कुणी फोडत नाही.

विक्रेता व्हीलचेअरसाठी बदललेली व्हॅन देतोय, 'पासिंगची चिंता नको' म्हणतो. वर्गणी काढून घ्यावी का? (पडघा)

आधी त्याच्याकडे कागद मागा. गाडीतला असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीत, भाडं घेतलं तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. खुर्चीला तळाशी चार पट्टे, माणसाला वेगळा पट्टा, तोंड पुढे. आडव्या खुर्चीची गाडी घेऊच नका. कोणता परवाना मिळेल हे आरटीओत विचारल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी थांब्याला वापरता येईल? (मुरबाड तालुका)

ग्रामपंचायत अधिकारी आणि गटविकास अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारा. मात्र मार्चची वाट पाहू नका; तेव्हा घाईनं काहीतरी खरेदी होते आणि थांबा राहून जातो. ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच मांडा.