शिशाचा धूर की शिशाची धूळ?

प्रश्न: स्टेन्ड ग्लासचं (रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचं) काम फुल टाइम करायचंय, पण घरचे म्हणतात शिशाच्या धुराने तब्येत जाईल. खरंय का?

उत्तर: काळजी रास्त आहे हो, फक्त धुरापेक्षा धुळीची करा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं पण उकळायला १७०० च्या वर जावं लागतं आणि आपलं सोल्डरिंग आयर्न (जोडांना डाग द्यायचं तापतं हत्यार) असतं ४०० च्या आसपास, त्यामुळे दिसतो तो धूर मुख्यतः फ्लक्सचा (डाग नीट बसावा म्हणून जोडावर लावतात ते रसायन), अर्थात तोही छातीत नकोच, एक्झॉस्ट लावा. खरा घोळ हातांना लागणाऱ्या शिशाच्या धुळीचा! दिवसभर शिशाच्या पट्ट्या वाकवायच्या आणि त्याच हातांनी तिथेच बसून खायचं, असं बरेच जण करतात. साबणाने हात धुवा, खाणं वर्कशॉपच्या बाहेर, कामाचे कपडे वेगळे, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा. जुन्या खिडक्या दुरुस्तीला आल्या की पट्ट्यांवर पांढरी पूड असते, तीही शिशाचीच, ती झाडूने अजिबात उडवायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. अधूनमधून रक्तातलं शिसंही तपासून घ्या. आणि काच घासायचा ग्राइंडर पाण्याशिवाय चालवू नका, काचेची पूडपण वाईटच.