जीआर शेवटच्या पानावरून वाचायला लाग

अगं, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, निळी टिक दिसली असेलच तुला, पण उत्तर दोन ओळीत मावणारं नव्हतं म्हणून थांबलो. पब्लिक अफेअर्समध्ये नोकरी लागली, छान झालं. आणि पहिल्याच आठवड्यात बॉसने 'राज्य सरकारचा परफॉर्मन्स आणि पॉलिटिकल कम्युनिकेशनचे ट्रेंड्स' यावर नोट मागितली म्हणतेस, आणि तू विचारतेस की काका, सुरुवात कुठून करू. विचारलंस ते बरं केलंस, बाकीचे पेपरमधल्या हेडलाइन्स चिकटवून पीपीटी करतात आणि मोकळे होतात.

आधी एक गंमत. तुझ्या कार्डावर 'जीआर एक्झिक्युटिव्ह' छापलंय, म्हणजे गव्हर्नमेंट रिलेशन्स. मंत्रालयात ते कार्ड दिलंस की समोरचा हसणार, कारण तिथं जीआर म्हणजे शासन निर्णय, कागद, माणूस नव्हे. आणि लॉबीस्ट, म्हणजे सरकारदरबारी कुणाची तरी बाजू मांडणारा, हा शब्द तर आपल्याकडे कुणी स्वतःला लावून घेत नाही, २०१० मध्ये राडिया टेप्स, म्हणजे नीरा राडिया या लॉबीस्ट बाईंचे नेत्यांशी आणि पत्रकारांशी झालेले फोन, बाहेर आल्यापासून तर नाहीच नाही. अमेरिकेत १९९५ पासून कायदा आहे, लॉबिंग करणाऱ्याने नाव नोंदवायचं, कुणासाठी काम करतो, किती पैसे घेतो ते जाहीर करायचं. आपल्याकडे असा कायदाच नाही, त्यामुळे आपण कधी 'लायझनिंगवाले', कधी असोसिएशनचे सेक्रेटरी, तर कधी नुसतेच 'ते साहेबांच्या केबिनबाहेर बसलेत ते कोण'. मी चोवीस वर्षं छोट्या कारखानदारांच्या एका संघटनेसाठी हेच केलं, आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी कान लावून बसलो होतो.

ते सांगतोच. आमच्या वार्षिक सभेला एक राज्यमंत्री आले होते, शाल-श्रीफळ झालं, आणि भाषणात त्यांनी जाहीर केलं की तुमच्या युनिट्सना सवलत देतोय, पुढच्या महिन्यापासून लागू. टाळ्या. मी त्याच रात्री सर्क्युलर टाइप करून सगळ्या मेंबरांना फॅक्स केलं. एका मेंबरने त्या भरवशावर कर्ज काढून दुसरं मशीन घेतलं. जीआर निघाला चौदा महिन्यांनी, आणि त्यात सवलत फक्त त्या तारखेनंतर सुरू होणाऱ्या नव्या युनिट्सना. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. पण मी त्याच्या ऑफिसला गेलो की टेबलाच्या काचेखाली माझं ते सर्क्युलर ठेवलेलं दिसायचं, आणि चहा पिताना नजर तिथंच जायची. मंत्री खोटं बोलले असं मी आजही म्हणत नाही, त्यांना तेव्हा ते करायचंच होतं. चूक माझी, मी भाषणालाच निर्णय समजलो.

तर सरकारचा परफॉर्मन्स आपल्या धंद्यातला माणूस कसा बघतो? बोलणं आणि कागद यात किती अंतर आहे, आणि कागद आणि पैसा यात किती, एवढंच बघतो. फाइल सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर जन्माला येते, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग मंत्री. मध्ये पैशाचा विषय असेल तर वित्त विभागाचे अभिप्राय, कायद्याचा असेल तर विधी व न्याय. प्रत्येक टप्प्यावर एक शेरा, आणि 'चर्चा करावी' असा शेरा आला की समज, फाइल मुक्कामाला थांबली.

म्हणून जीआर डाउनलोड केलास की पहिलं पान सोड. पहिल्या पानावर प्रस्तावना असते, त्यात सगळं मंगल असतं. सरळ शेवटी जा. तिथं एक ओळ शोध, वित्त विभागाच्या अमुक अनौपचारिक संदर्भान्वये मिळालेल्या सहमतीनुसार हा निर्णय निर्गमित करण्यात येत आहे, अशा अर्थाची. खर्चाचा विषय असून ती ओळ नसेल तर कान टवकार. मग लेखाशीर्ष दिलंय का बघ, खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तो नंबर. तो नसेल तर योजना अजून हवेत आहे. आणि सगळ्यात खाली 'प्रत' म्हणून यादी असते, कुणाकुणाला पाठवला त्याची, तिच्या तळाशी 'निवड नस्ती', म्हणजे ऑफिसात जपून ठेवायची प्रत, असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा कार्यासनाचा नंबरही. तो नंबर म्हणजे तुला भेटायचंय त्या टेबलाचा पत्ता. मंत्र्यांबरोबर फोटो काढणारे पुष्कळ, कार्यासन माहीत असलेला एखादाच.

आता शब्दांचं. गेल्या काही वर्षांत यापेक्षा चांगला धडा मी बघितला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १६ एप्रिल २०२५ चा जीआर आठव, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, 'अनिवार्य'. गदारोळ झाला. मग १७ जूनला सुधारित जीआर आला, त्यात अनिवार्य गेलं आणि हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल असं आलं, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत अशी अट. टीव्हीवर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडत होते पण गंमत बघ, सगळं भांडण त्या एका 'सर्वसाधारणपणे'वर येऊन टेकलं होतं, सरकार म्हणत होतं सक्ती काढली, विरोधक म्हणत होते मागच्या दाराने आणली, आणि वाक्य एकच. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द, आणि अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधवांची समिती नेमली. तू कुठल्या बाजूची ते मला विचारायचं नाहीये. पण दुसरा जीआर हातात पडल्यावर तुला पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवं होतं की हा शब्द टिकणार नाही, कारण ज्या शब्दाचे दोन अर्थ दोन्ही पक्षांना सोयीचे असतात तो रस्त्यावर जातो.

प्रेसनोटची भाषा पण शिकून घे, ती वेगळीच बोली आहे. 'शासन सकारात्मक आहे' म्हणजे अजून फाइल नाही. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे फाइल आहे, पैसे नाहीत. 'प्रस्ताव तातडीने सादर करण्याचे निर्देश दिले' म्हणजे बैठक झाली, चहा झाला, आणि आता चेंडू कुठल्यातरी उपसचिवाकडे आहे ज्याला बैठकीला बोलावलंही नसेल. 'तपासून घेऊ' हे मात्र प्रामाणिक उत्तर असतं, त्याला नावं ठेवू नकोस. आणि 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा तुमच्या निवेदनावर मारून मिळाला की मेंबर लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात, साहेबांनी सही केली म्हणून, अगं तो शेरा म्हणजे पोस्टमनने पाकीट पुढे दिलं एवढंच.

पूर्वी क्रम असा होता की फाइल फिरायची, निर्णय व्हायचा, मग प्रेसनोट. आता रील आधी येतं. बैठक चालू असतानाच मंत्र्यांची सोशल मीडिया टीम क्लिप कापत असते, आणि खालच्या अधिकाऱ्याला आपल्याच विभागाचा निर्णय मोबाईलवर कळतो. योजनांची नावं बघ, आधी योजनेच्या नावात नेते किंवा संत असायचे, आता नातं आलं, लाडकी बहीण. २०२४ च्या यात्रेत तेव्हाचे अर्थमंत्री अजितदादांनी गुलाबी जॅकेटं घातली ती काय हौस म्हणून नव्हे. लोक हसले, मीही हसलो, पण बायकांना समोर ठेवून निवडलेला तो रंग बघून मी माझ्या लोकांना सांगितलं की या वर्षी उद्योगाच्या सवलतींची अपेक्षा ठेवू नका, पैसा कुठं जाणार ते कपड्यावर लिहिलंय.

आणि हीच लाडकी बहीण योजना परफॉर्मन्सचा धडा म्हणून पण वाच. २८ जून २०२४ ला बजेट भाषणात घोषणा, त्याच दिवशी जीआर, महिना १५०० रुपये, आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन हप्त्यांचे ३००० खात्यात. म्हणजे यंत्रणा हलत नाही ही तक्रार खोटी आहे, हलवायची ठरवली की ती पळते. मग निवडणुकीत २१०० चं आश्वासन आलं, नोव्हेंबरमध्ये महायुतीने मैदान मारलं, आणि मार्च २०२५ च्या बजेटमध्ये २१०० नव्हते, उलट आधी वर्षाला ४६,००० कोटी लागतील म्हणत होते तिथं तरतूद ३६,००० कोटींची. पेपरांनी '२१०० कधी' असा मथळा केला. आपल्या धंद्यातल्या माणसाने दुसरा आकडा वाचायचा, दहा हजार कोटींची कात्री लागलीय म्हणजे आता पात्रतेची चाळणी येणार, आणि बाकीच्या विभागांची बिलं रेंगाळणार. बजेट मार्चमध्ये असतं पण खरी कहाणी पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या यादीत, सापडते, ती पुस्तिका कंटाळवाणी असते, वाच.

गुंतवणुकीच्या सामंजस्य करारांच्या, म्हणजे एमओयूंच्या, आकड्यांवर जास्त लिहीत नाही. २०१८ च्या मॅग्नेटिक महाराष्ट्र या गुंतवणूक परिषदेत १२.१० लाख कोटी, दावोसला जानेवारी २०२५ मध्ये १५.७० लाख कोटी. एमओयू म्हणजे साखरपुडासुद्धा नाही, पत्रिका जुळते का बघू इतपतच. एमआयडीसीचं जागेचं वाटपपत्र निघालं का ते विचार. शंभर दिवसांच्या कार्यक्रमाचंही तेच, १ मे २०२५ ला सरकारनेच निकाल लावला, ९०२ पैकी ७०६ मुद्दे पूर्ण. चांगलंय, खरंच, स्वतःची परीक्षा घेऊन मार्क जाहीर करणारी सरकारं मी फार बघितली नाहीत. फक्त पेपर काढणारा आणि सोडवणारा एकाच घरातला होता एवढं नोटमध्ये लिही.

प्लास्टिकबंदीचं तुला आठवत नसेल, शाळेत असशील. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना, तीन महिन्यांची मुदत, २३ जूनपासून दंड, पहिल्यांदा पाच हजार, मग दहा, मग पंचवीस आणि तीन महिने कैद. आमच्या संघटनेने चाळीस पानी निवेदन केलं होतं, मायक्रॉन म्हणजे प्लास्टिकची जाडी, रोजगार, जीएसटी, सगळं. कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. आमच्याच एका बैठकीत एका किराणावाल्याने अर्धा किलो साखर रद्दीत बांधली आणि म्हणाला आता ही पावसात घेऊन दादरला जा. सगळी गप्प. मंत्रालयातल्या पुढच्या भेटीला मी चाळीस पानं नेली नाहीत, ती पुडी नेली. अंमलबजावणी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदमांनी किराणा पॅकिंगला सूट जाहीर केली. पुडीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, व्यापाऱ्यांचा रेटाच मोठा होता. पण पुडी बघून त्या टेबलवरच्या बाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग करायचं काय?

एक गोष्ट मात्र तुझ्या बॉसच्या नोटमध्ये बसणार नाही, तरी सांगतो. आपल्या लोकांना चांगलं सरकार म्हणजे अंदाज बांधता येणारं सरकार वाटतं. नियम कडक असला तरी चालेल पण उद्या बदलू नको. हा आपला चष्मा, सगळ्यांचा नाही. मंत्रालयाच्या आत मधल्या चौकात २०१८ मध्ये जाळी बसवली, लोक वरून उड्या मारायला लागले म्हणून. ४ ऑक्टोबर २०२४ ला त्या जाळीवर नरहरी झिरवाळांनी उडी मारली, आदिवासी आमदारांना घेऊन. ते तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष होते. विधानसभेच्या उपाध्यक्षाला आपलं म्हणणं ऐकवायला जाळीत उतरावं लागलं तर सोलापूरहून एसटीने आलेल्या, दुपारी दोनपर्यंत गेटबाहेर पाससाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने काय करायचं? मी त्या दिवशी वरच्या मजल्यावर एका उपसचिवांची वाट बघत बसलो होतो, माझी अपॉइंटमेंट साडेतीनची होती आणि मला ती साडेतीनलाच मिळाली. घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

बरं, नोट. चार पानांवर जाऊ देऊ नकोस. तुमच्या कंपनीच्या विषयाशी संबंधित गेल्या दोन वर्षांतल्या घोषणा घे, प्रत्येकीसमोर तीन तारखा टाक, बोलले कधी, जीआर कधी, पैसे सुटले कधी. तिसरा रकाना बराचसा रिकामा राहील, तो तसाच रिकामा सोड, बॉसला भरायला आवडेल, भरू देऊ नकोस. कुठला पक्ष चांगला कुठला वाईट हे त्यात अजिबात लिहायचं नाही, आपल्याला दोघांच्याही दारात जायचंय.

मंगळवारी कॅबिनेट असते, त्या दिवशी मंत्रालयात कुणी भेटत नाही, बुधवारी ये. आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये दोनच्या आत भेटू, येताना तुमच्या विषयाचा शेवटचा जीआर छापून आण, मोबाईलवर नको, आणि पेन्सिल आण. पोहे मी सांगतो.

— काका