'त्जाती' कसं लिहावं? आणि तो वजीर की प्रधान?

प्रश्न असा: प्राचीन इजिप्तमध्ये राजाच्या खालोखाल जो अधिकारी असे, त्याचं पदनाम मराठीत 'त्जाती' असं छापलेलं दिसतं. ते बरोबर आहे का? आणि भाषांतरात वजीर म्हणावं की प्रधान?

'त्जाती' नको. रोमन लिपीतली टी आणि जे ही दोन अक्षरं तिथे मिळून एकच तालव्य व्यंजन दाखवतात, 'चित्र'मधल्या च च्या जवळचं. 'चाती' लिहिलं तर मराठी वाचक तो च 'चाक'मधल्यासारखा वाचणार. म्हणून 'च्याती'. त्यातला आ मात्र अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत.

वजीर हा शब्द अरबी, फेरोंच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या, इजिप्तला ठाऊक नसलेला. युरोपीय अभ्यासकांनी तो तुर्की दरबारावरून या पदाला चिकटवला. तरी भाषांतरात वजीरच ठेवावा. 'मुख्य प्रधान' म्हटलं की अष्टप्रधान मंडळ डोळ्यांपुढे येतं, आणि तसं मंडळ तिथे नव्हतं.

च्यातीची कामं रेखमिरेच्या थडग्यात भिंतीवरच लिहिली आहेत. हा तिसऱ्या थुतमोसचा वजीर, इ.स.पू. 15वं शतक, थडगं लक्सरच्या पश्चिम तीरावर. रोज राजाला वंदन करायचं. कोषाधिकारी आणि वजीर यांनी एकमेकांना 'सर्व ठीक' असं कळवायचं, मगच राजवाड्याची दारं उघडायची. (एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची ही पक्की सोय!) शेतजमिनीचा वाद आला तर जमीन राजधानीजवळ असल्यास 3 दिवसांची मुदत, लांब असल्यास 2 महिन्यांची. दिवाणगिरी, न्याय, महसूल, सगळं एकाच माणसाकडे.

पण माणूस एकच असे असंही नाही. 18व्या राजवंशात एक वजीर दक्षिणेत थीब्जला (आजचं लक्सर), दुसरा उत्तरेत मेम्फिसला. तेव्हा त्या काळाबद्दल नुसतं 'इजिप्तचा वजीर' न लिहिता दक्षिणेचा की उत्तरेचा ते सांगावं, रेखमिरे दक्षिणेचा.

सहाव्या राजवंशातल्या नेबेत या स्त्रीलाही हे पदनाम होतं. तिला 'वजिरीण' म्हणू नये. पाटलीण म्हटल्यावर पाटलाची बायको समजतात, तसंच होईल. 'वजीर नेबेत' पुरे.

जोसेर राजाचा अधिकारी इम्होतेप, त्याला सर्रास वजीर म्हणतात, तेही टाळावं. जोसेरच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर इम्होतेपच्या पदव्या कोरल्या आहेत: राजाचा मुद्राधारक, हेलिओपोलिसचा मुख्य पुरोहित वगैरे. त्यांत च्याती नाही.