कर्नल ड्रायव्हरमध्ये जीपीयू किती वेळ व्यस्त होता, हे अचूक कसे मोजावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: लिनक्सच्या कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका छोट्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये तुम्ही प्रत्येक जॉब, म्हणजे जीपीयूला (ग्राफिक्स प्रोसेसरला) द्यायचे एकेक काम, हार्डवेअरकडे सोपवताना वेळ नोंदवता, काम संपल्याचा इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेला इशारा) आला की पुन्हा नोंदवता आणि त्या दोन नोंदींमधला फरक बेरजेत मिळवता. एका वेळी एकच जॉब असताना आकडा पटतो, पण भार वाढला की जीपीयू १४० टक्के व्यस्त असल्याचे दिसते आणि मध्येच बेरीज आधीच्या वाचनापेक्षा कमी येते. ही एकाच चुकीची दोन लक्षणे नाहीत. दोन निरनिराळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

आधी १४० टक्क्यांचे पाहू. तुम्ही जो काळ मोजत आहात तो जॉबचा काळ आहे, जीपीयूचा नाही. ड्रायव्हरमधल्या शेड्युलरने (जॉबांचा क्रम लावणाऱ्या भागाने) जॉब रिंग बफरमध्ये (जीपीयूसाठीच्या रांगेत) टाकला म्हणजे जीपीयूने तो लगेच हाती घेतला असे होत नाही. आधीचे जॉब संपेपर्यंत तो रिंगमध्ये नुसता थांबलेला असतो आणि तो थांबण्याचा काळही तुमच्या बेरजेत जातो. समजा, अ, ब आणि क हे तीन जॉब अनुक्रमे ०, २ आणि ३ मिलिसेकंदांना रिंगमध्ये आले आणि प्रत्येकाला प्रत्यक्षात ६ मिलिसेकंद लागतात. अ ६ व्या, ब १२ व्या आणि क १८ व्या मिलिसेकंदाला संपेल. तुमच्या पद्धतीने अ चे ६, ब चे १० आणि क चे १५ असे एकूण ३१ मिलिसेकंद होतात, पण घड्याळ तर १८ मिलिसेकंदच पुढे सरकले आहे. म्हणजे १७२ टक्के!

एकच रिंग असेल आणि जॉब आले त्याच क्रमाने एकामागून एक चालत असतील, तर उपाय सोपा आहे. रिंगमध्ये शेवटचा जॉब केव्हा संपला ती वेळ जपून ठेवावी आणि प्रत्येक जॉबचा आरंभ हा त्याची सोपवण्याची वेळ व मागच्या जॉबची समाप्ती यांपैकी जी नंतरची असेल ती धरावी. वरच्या उदाहरणात ब चा आरंभ ६ वर आणि क चा १२ वर सरकतो, प्रत्येकाचे ६ मिलिसेकंद होतात आणि बेरीज १८ येते. पुढे ड नावाचा जॉब २० व्या मिलिसेकंदाला येऊन २३ व्याला संपला, तर मधले २ मिलिसेकंद रिकामे म्हणून आपोआप बाहेर राहतात.

जीपीयूमध्ये दोन जॉब खरोखरच एकाच वेळी चालू शकत असतील तर हा नियम अपुरा पडतो. तेथे पूर्ण इंजिनासाठी (जीपीयूच्या जॉब चालवणाऱ्या भागासाठी) एक गणक ठेवावा: चालू जॉबांची संख्या ० वरून १ झाली की व्यस्त काळ सुरू, १ वरून ० झाली की बंद, मधल्या चढउतारांकडे लक्ष द्यायचे नाही. माली जीपीयूंसाठी असलेला पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हर वारंवारता कमीजास्त करण्यासाठी जो व्यस्त काळ मोजतो, तो याच धर्तीवर. एवढे मात्र मनाशी पक्के करावे लागते की इंजिनाचा व्यस्त काळ आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या वाट्याला आलेला काळ ही दोन वेगळी खाती आहेत. जॉब एकमेकांवर पडत असतील तर दुसऱ्या खात्याची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त भरणे स्वाभाविक आहे. दोन्ही खाती एकाच चलात ठेवण्याचा प्रयत्न केलात, तर दोन्ही बिघडतील.

आता बेरीज मागे जाण्याविषयी. ही चूक जास्त त्रासदायक आहे, कारण ती क्वचितच दिसते आणि डीबग करायला बसले की दिसेनाशी होते. वाचणारा कोड साधारणपणे साठलेली बेरीज घेतो आणि एखादा जॉब चालू असेल तर त्याचा आतापर्यंतचा काळ तिच्यात मिळवतो. समजा, साठलेली बेरीज ४०० मिलिसेकंद आहे आणि चालू जॉबला ६ मिलिसेकंद झाले आहेत. नेमका याच क्षणी इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर चालला, त्याने बेरीज ४०६ केली, पण ‘जॉब चालू आहे’ ही खूण अजून उतरवलेली नाही. त्या फटीत वाचणाऱ्याने ४०६ घेतले, खूण पाहिली आणि तेच ६ पुन्हा मिळवून ४१२ सांगितले. पुढच्या वाचनात जीपीयू रिकामा असेल तर ४०६ येणार, म्हणजे आकडा ६ ने मागे गेला. बत्तीस बिटांच्या प्रोसेसरवर तर चौसष्ट बिटांची संख्या दोन तुकड्यांत वाचली जाते, त्यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी संख्याही हाती लागू शकते.

यावर सीक्वेन्स काउंटर हे कर्नलमधले साधन चपखल बसते. लिहिणारा लिहिण्यापूर्वी व लिहून झाल्यावर एक क्रमांक वाढवतो; वाचणाऱ्याला तो क्रमांक विषम दिसला किंवा वाचनादरम्यान बदललेला आढळला, तर तो पुन्हा वाचतो. यामुळे हँडलरला वाचणाऱ्यासाठी कधीच थांबावे लागत नाही. पण हे साधन दोन लिहिणाऱ्यांना एकमेकांपासून वाचवत नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्ये आरंभ शेड्युलरच्या थ्रेडमध्ये आणि समाप्ती इंटरप्टमध्ये लिहिली जाते. म्हणून दोन्ही ठिकाणी इंटरप्ट बंद करणारा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेऊनच लिहावे.

घड्याळाची निवड किरकोळ वाटते, पण तशी ती नाही. जिफीवर, म्हणजे कर्नलच्या ठरावीक टिकांच्या मोजणीवर, अवलंबून राहू नका. टिकचा वेग २५० हर्ट्झ असेल तर एक जिफी ४ मिलिसेकंदांची होते आणि ६०० मायक्रोसेकंदांचा जॉब तिच्यात एकतर हरवतो किंवा कितीतरी पट मोठा दिसतो. भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ देणारी फंक्शनेही नकोत, कारण वेळ दुरुस्त झाली की ती उडी मारतात. कर्नलचे मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारे) घड्याळ नॅनोसेकंदांत घ्यावे. सीपीयूगणिक चालणाऱ्या जलद घड्याळाचा मोह होतो, पण आरंभ एका कोअरवर आणि समाप्ती दुसऱ्या कोअरवर नोंदली गेली तर त्या दोन वेळा एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

समाप्तीची वेळ हार्ड इंटरप्ट हँडलरच्या (इशारा येताच चालणाऱ्या भागाच्या) पहिल्या ओळींतच टिपावी. थ्रेडेड हँडलरपर्यंत (नंतर वेगळ्या थ्रेडमध्ये चालणाऱ्या भागापर्यंत) थांबले तर सीपीयूच्या शेड्युलरचा उशीर जीपीयूच्या नावे चढतो. तरीही जॉब अगदी छोटे असतील तर एकाच इंटरप्टमध्ये दोन-तीन समाप्त्या एकत्र कळतात. अशा वेळी इंजिनाची बेरीज जवळपास बरोबर राहते, पण ती प्रोग्रॅमांत चुकीची वाटली जाते. तुमचे हार्डवेअर जॉबच्या आरंभी व शेवटी स्वतःचा टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) मेमरीत लिहू शकत असेल, तर तोच वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तो किती बिटांचा आहे ते आधी तपासा. बत्तीस बिटांचा गणक १९.२ मेगाहर्ट्झने चालत असेल तर तो साधारण २२३ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो; कोणी वाचो वा न वाचो, ड्रायव्हरने त्याआधी एकदा तरी तो वाचून चौसष्ट बिटांच्या बेरजेत जमा केला पाहिजे. मात्र केवळ आकडेवारीसाठी झोपलेल्या जीपीयूला जागे करू नये. तो चालू असेल तरच रजिस्टर वाचावे, नाहीतर साठलेली बेरीज द्यावी.

अडकलेल्या जॉबचा विचार तुम्ही प्रश्नात केलेला दिसत नाही. मी एका एम्बेडेड बोर्डाच्या ड्रायव्हरवर काम करत असताना रात्रभर चाचणी चालू ठेवली होती. सकाळी जीपीयू सलग १०० टक्के व्यस्त असल्याचे दिसत होते आणि चिपला बोट लावले तर ती थंड होती. रात्री केव्हातरी एक जॉब अडकला होता, टाइमआउट होऊन जीपीयू रीसेटही झाला होता, पण रीसेटच्या वाटेने जाताना चालू जॉबचा हिशेब कोणी बंद केला नव्हता, कारण तो बंद करणारी ओळ फक्त इंटरप्ट हँडलरमध्ये होती. तेव्हापासून आरंभ आणि समाप्ती ही दोनच छोटी फंक्शने करून यशस्वी, अडकलेला, रद्द झालेला अशा प्रत्येक वाटेवरून मी तीच बोलावतो. जॉब चालू असतानाच प्रोग्रॅमने ड्रायव्हरची उघडलेली फाइल बंद केली तर त्याचे खाते मोकळे झालेले असते, म्हणून जॉबने खात्याचा संदर्भ धरून ठेवावा; नाहीतर हँडलर मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहील.

ड्रायव्हरने टक्केवारी मुळीच सांगू नये. नॅनोसेकंदांतली चढती बेरीज द्यावी आणि दोन वाचनांतील फरकाला मधल्या काळाने भागण्याचे काम वाचणाऱ्या साधनावर सोडावे. डीआरएम (कर्नलमधली ग्राफिक्स यंत्रणा) ड्रायव्हरांसाठी कर्नलने प्रत्येक उघडलेल्या फाइलच्या एफडीइन्फोमध्ये (त्या फाइलची माहिती वाचायच्या जागी) इंजिनागणिक नॅनोसेकंद देण्याचा ठरलेला मजकूर दिलेला आहे. तो पाळलात तर आधीपासून असलेली साधने तुमचा ड्रायव्हर विनासायास वाचू शकतील. त्याच मजकुरात जीपीयूच्या घड्याळचक्रांची संख्या आणि कमाल वारंवारता देण्याचीही सोय आहे, आणि ती वापरण्यासारखी आहे: कमी वारंवारतेवर १०० टक्के व्यस्त असलेला जीपीयू पूर्ण वेगावर कदाचित ३० टक्केच व्यस्त असता. शिवाय ‘व्यस्त’ म्हणजे ‘पूर्ण भरलेला’ नव्हे. एनव्हिडियाच्या एनव्हीएमएल या जीपीयूवर देखरेखीच्या लायब्ररीतही जीपीयूचा वापर म्हणजे नमुन्याच्या काळापैकी किती टक्के वेळ एक किंवा अधिक कर्नल (येथे जीपीयूवर चालणारे प्रोग्रॅम, लिनक्सचा कर्नल नव्हे) चालू होते, एवढेच. त्यांनी किती कोअर कामाला लावले हे त्यातून कळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर तपासणीसाठी ठरावीक काळ फिरत राहणारा एक जॉब लिहा. तो एकटा ५०० मिलिसेकंद चालवा आणि बेरीज तेवढ्यानेच वाढते का ते पाहा. मग तसेच चार जॉब एकदम सोपवा: त्यांना साधारण २ सेकंद लागावेत आणि बेरीजही २ सेकंदांनीच वाढावी. ५ सेकंदांच्या आसपास वाढली, तर रिंगमधले थांबणे अजून मोजले जात आहे. त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमधून बेरीज सतत वाचत राहा आणि ती एकदाही मागे गेली तर चाचणी नापास धरा. शेवटी न संपणारा जॉब देऊन मुद्दाम रीसेट घडवा. त्यानंतर रिकाम्या जीपीयूची बेरीज एका नॅनोसेकंदानेही वाढता कामा नये.