प्रमाण मराठी म्हणजे औपचारिक आणि अहिराणी म्हणजे अनौपचारिक, असं समजायचं का?

बँकेत बदली होऊन तुम्ही जळगाव जिल्ह्यात आलात, काउंटरवर लोक अहिराणीत बोलतात, म्हणून हा प्रश्न पडलाय. माझं उत्तर: नाही. बोली वेगळी आणि औपचारिकपणा वेगळा.

अहिराणीत मित्राला विचारतात, ‘कथा चालना, भो?’, म्हणजे ‘कुठं चाललास, भाऊ?’ गावातल्या वडीलधाऱ्याला मात्र, ‘आबा, कथा चालनात?’ सगळा मान त्या शेवटच्या ‘त’मध्ये आला. उलट ‘चल रे, निघतो, बस चुकेल’ ही प्रमाण मराठीच आहे, पण साहेबाला कोणी असं म्हणत नाही.

मी अमळनेरला लोकांचे अर्ज लिहून देतो. माणूस येतो आणि सांगतो, ‘मना बापनं नाव कमी करीसन मनं लावनं शे.’ मी लिहितो, ‘माझे वडील मयत झाले असून सातबारा उताऱ्यावरील त्यांचे नाव कमी करून वारस म्हणून माझे नाव दाखल होणेस विनंती आहे.’ मतलब तोच. पण ‘होणेस’, ‘मिळणेबाबत’ ही रूपं कागदाबाहेर कुठं ऐकू येतात? जेवताना ‘वरण मिळणेबाबत’ म्हणून बघा, घरचे काय म्हणतात ते! ‘मयत’ तर फार सांभाळून वापरायचा. अर्जात तो नुसता तपशील असतो, पण त्याच माणसाच्या घरी बसायला गेलात तर ‘वडील मयत कधी झाले?’ विचारू नका. तिथं ‘आबा कधी गेले?’ एवढंच.

कागदी भाषेत करणारा माणूसही गायब होतो. ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ कोणी केला? ते वाक्य सांगत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कचेरीला आवडतं. बोलताना लोक सरळ म्हणतात, ‘आप्पांनी अडवलं.’ आप्पा म्हणजे तलाठी. २०२४ मध्ये सरकारनं त्या पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. अर्जावर मी आता तेच लिहितो, पण तोंडात अजून तलाठी आप्पाच आहेत. त्यात अपमान नाही. नुसतं ‘तलाठी’ म्हणण्यापेक्षा ‘आप्पा’त मान जास्तच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ओढूनताणून अहिराणी बोलू नका. पांढऱ्या मिशांच्या माणसाला ‘भो’ म्हणालात तर तो हसून सोडून देईल, पण त्याला ते खटकेल. तुमची मराठीच बोला, फक्त आबा, आप्पा, मावशी, ताई जोडा आणि ‘अहो-जाहो’ सोडू नका. खरी अडचण बोलीची नाही, तुमच्या छापील भाषेची आहे. ‘आपल्या खात्यातून रक्कम वजा करण्यात आली आहे’ हे वाचून दाखवू नका. ‘आबा, विम्याचे पैसे कापले गेले’ म्हणा, आणि कशाचे, कधी, तेही लगेच सांगा. पुढचा प्रश्न तोच येणार आहे.