आजेसासऱ्यांचा भाऊ अमेरिकन पाणबुडीसोबत गेला, कबर नाही. मनिलाला गेल्यावर त्याचं नाव कुठे बघायला मिळेल?

तुम्ही लिहिलंय की मिसेस फिलिपिनो आहेत, त्यांच्या आजोबांचा भाऊ अमेरिकन नेव्हीत स्टुअर्ड (अधिकाऱ्यांचं खाणंपिणं बघणारा) होता आणि 1944 ला पाणबुडीसकट गेला. मी मर्चंट नेव्हीत आहे, आमचा निम्मा क्रू फिलिपिनोच असतो, त्यातल्याच एका बोसनबरोबर (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मी तिथे जाऊन आलोय म्हणून लिहितो.

मनिला अमेरिकन सिमेट्रीत जा. फोर्ट बोनिफासियोत आहे, बीजीसी म्हणजे बोनिफासियो ग्लोबल सिटीच्या टॉवर्सच्या अगदी शेजारी. रांगांनी संगमरवरी क्रॉस 17 हजारांच्या आसपास आहेत, पण तुमचं काम मधल्या दोन अर्धगोल इमारतींत. तिथल्या भिंतींवर बेपत्ता लोकांची 36 हजारांवर नावं कोरलीत. जायच्या आधी अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशनच्या साइटवर नाव टाकून बघाच, कारण पाणबुडी कुठल्या समुद्रात गेली त्यावर काही नावं मनिलाऐवजी होनोलुलूच्या स्मारकावर आहेत, उगाच खेप वाया जायची. आणि आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

भिंतीवर नावापुढे हुद्दा असतो, तिथे स्टुअर्ड किंवा मेस अटेंडंट दिसेल. आमचा बोसन ते वाचून जरा चिडलाच, म्हणे घरी सांगायचं काय, साहेबांना कॉफी देत होता? त्याचा राग बरोबर आहे. 1901 च्या हुकमाने अमेरिकन नेव्हीत 500 फिलिपिनो घ्यायला सुरुवात झाली, पण पहिल्या महायुद्धानंतर त्यांना जवळजवळ फक्त स्टुअर्डचंच काम, आणि हे 1970 च्या दशकापर्यंत चाललं. पण पाणबुडीत 70-80 माणसं, जागा नाहीच, अलार्म झाला की कप-बशा ठेवून हाच माणूस टॉर्पेडो भरायला नाहीतर डेकगनला गोळे पुरवायला पळायचा. आणि पाणी आत आलं की हुद्दा कोण बघतो.

अमेरिकेच्या 52 पाणबुड्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. तिकडचे जुने पाणबुडीवाले दरवर्षी एकेका बोटीचं नाव घेऊन घंटा वाजवतात. काही बोटी अजूनही सापडतायत, हार्डर नावाची पाणबुडी 2024 ला फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाजवळ 3 हजार फुटांहून खोल पाण्यात सापडली, 79 जण होते तिच्यावर.

घरच्यांचं म्हणाल तर 1 नोव्हेंबरला उंदास, म्हणजे फिलिपिनोंचा मृतांच्या आठवणीचा दिवस असतो, सगळे कबरीवर मेणबत्त्या लावतात, आणि ज्यांना कबरीवर जाता येत नाही ते घराच्या दाराशी लावतात. मिसेसना विचारा, त्यांच्या आजीकडे लावत असतील.

पाणबुडीचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल तर नेव्हीचे जुने मस्टर रोल अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, त्यात क्रूची नावं असतात. नाव कळलं की सांगा, कुठल्या भिंतीवर आहे ते मिळून बघू.